हाडे गिळणारा पक्षी आणि ददरा गावच्या भगिनी

आमच्या वसाहतीतील विहाराच्या जमाखर्चाची वही गेली नऊ वर्षे माझ्याकडे आहे. त्या वहीत एका ऑगस्ट महिन्याच्या पानावर अशी नोंद आहे : आवारातील झाडाच्या फांद्या छाटणे, मजुरी व टेम्पोभाडे मिळून रुपये ४,८००. अक्षर माझे, व्हाउचरवर सही माझी. हिशेब तपासणाऱ्याने त्यावर बरोबरची खूण केली. हिशेबाच्या दृष्टीने त्या नोंदीत काहीच चूक नाही.

नोंदीत जे लिहिलेले नाही ते असे. ते झाड म्हणजे विलायती शिरीष, ज्याला आपण पर्जन्यवृक्ष म्हणतो. पावसाळ्यात त्यावर गायबगळे आणि ढोकरी यांची वसाहत भरते. पौर्णिमेला वंदनेसाठी उपासक-उपासिका पांढरीशुभ्र वस्त्रे नेसून येतात आणि दारापर्यंत पोचेतो कोणाच्या तरी खांद्यावर विष्ठा पडलेली असते. खाली मोटारसायकली उभ्या असतात, त्यांचीही तीच गत. शिवाय माशांचा कुबट वास. समितीच्या बैठकीत ठराव आला आणि एकमताने मंजूर झाला. फांद्या छाटण्याची परवानगीही आम्ही रीतसर काढली. अर्जाच्या नमुन्यात घरट्यांसाठी रकाना नव्हता, आणि रकाना नाही म्हणून आम्हीही ते कुठे लिहिले नाही. कारकुनी पेशाच्या माणसाला ही पळवाट लगेच सापडते.

फांद्या खाली आल्या त्या घरट्यांसकट. वसाहतीतील पोरांनी वीसबावीस पिल्ले गोळा करून बुटांच्या खोक्यांत ठेवली, त्यांना दूधपोळी भरवू लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकही वाचले नाही. विहार झाडणाऱ्या आजी आहेत आमच्याकडे, सत्तरी ओलांडलेल्या. त्या मला एवढेच म्हणाल्या, "भाऊ, वर्षावासात हे बरं नाही केलं."

आजींना अक्षरओळख बेताची आहे, पण वर्षावास का सुरू झाला हे त्यांना ठाऊक होते. पावसाळ्यात भिक्खू हिंडतात तेव्हा कोवळे अंकुर आणि लहानसहान जीव पायाखाली तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती. ती ऐकून तथागतांनी भिक्खूंना चार महिन्यांच्या पावसाळ्यात तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. आम्ही त्याच वर्षावासात विहारात बसून रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन करीत होतो आणि बाहेर टेम्पोत फांद्या भरल्या जात होत्या.

ही गोष्ट मनात सलत असताना माझ्या मुलीने आसाममधील एका गावाची हकीकत वाचून दाखवली. मग मी त्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेख.

आसामात हरगिला नावाचा पक्षी आहे. करकोच्याच्या कुळातला, पण अवाढव्य. उभा राहिला तर जवळजवळ पाच फूट उंच, पंख पसरले तर आठ फूट. डोके आणि मान उघडी, जेमतेम विरळ केस असलेली, आणि मानेखाली नारिंगी रंगाची लोंबती पिशवी. चोच पाचरीसारखी जाड. नावाचा अर्थच मुळी हाडे गिळणारा असा आहे. मेलेली जनावरे, उकिरड्यावरचे टाकाऊ मांस, मासे, बेडूक, उंदीर, साप, जे मिळेल ते तो खातो. इंग्रजांच्या काळात त्याची लष्करी थाटाची, ताठ आणि संथ चाल पाहून गोऱ्यांनी त्याला फौजेतल्या हुद्द्याचे अ‍ॅडज्युटंट हे नाव दिले.

एकोणिसाव्या शतकात हा पक्षी कलकत्त्यात शेकड्यांनी होता. इमारतींच्या कठड्यांवर ओळीने उभा असे आणि रस्त्यावरची घाण फस्त करी. शहराची सफाई करतो म्हणून त्याला मारण्यास मनाई होती, आणि कलकत्ता महापालिकेच्या जुन्या मानचिन्हावरही त्याची जोडी कोरलेली होती. पुढे शहराला गटारे आली, कचऱ्याची व्यवस्था बदलली, सभोवारची मोठी झाडे गेली, तसा तो तिथून नाहीसा झाला. एकेकाळी उत्तर भारतापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेला हा पक्षी आज प्रजननासाठी तीनच ठिकाणी उरला आहे : आसामचे ब्रह्मपुत्रेचे खोरे, बिहारमधील भागलपूरचा परिसर आणि कंबोडिया.

कामरूप जिल्ह्यात, गुवाहाटीपासून जवळच, ब्रह्मपुत्रेच्या उत्तर तीरावर ददरा, पचरिया आणि सिंगिमारी ही गावे आहेत. २००७ साली पूर्णिमादेवी बर्मन नावाच्या एक तरुण संशोधिका हरगिलावर पीएच.डी. करण्याच्या तयारीत होत्या. घरी लहान जुळ्या मुली होत्या. लहानपणी त्या आजीकडे वाढल्या. आजी शेतकरी होती, तिने नातीला भातखाचरांत आणि दलदलीच्या काठी नेऊन पक्षी ओळखायला शिकवले. त्या वर्षी ददरा गावात एका माणसाने आपल्या आवारातले उंच झाड पाडल्याचे कळले म्हणून त्या तेथे गेल्या. झाडावर हरगिलाची घरटी होती. काही पिल्ले मेलेली, काही जमिनीवर तडफडत होती.

त्यांनी जाब विचारला तेव्हा लोक जमले, पण त्या माणसाला बोलायला नव्हे, यांनाच हसायला. हा अपशकुनी पक्षी आहे, रोगराई आणतो, आवारात सडके मांस टाकतो, विष्ठेची दुर्गंधी सुटते. तुम्हाला एवढा पुळका असेल तर रोज येऊन आमचे अंगण झाडून द्या, असेही सुनावले गेले.

मला यात गावकऱ्यांना सरसकट दोष देववत नाही. वाचकांनी क्षणभर त्यांच्या जागी उभे राहावे. झाड त्यांचे, स्वतःच्या मालकीच्या परसातले. कदंब किंवा सावरीचे मोठे झाड म्हणजे गरीब घराला अडीअडचणीला विकता येईल अशी ठेव. त्यावर दरवर्षी पावसाळा सरताना हे पाहुणे येणार, दोनतीन अंडी घालणार, महिनाभर उबवणार, आणि त्यानंतर जवळजवळ पाच महिने पिल्लांना भरवत राहणार. म्हणजे थंडीचा सगळा काळ आणि वर उन्हाळ्याची सुरुवात, एवढे दिवस अंगणात हाडे, माशांचे तुकडे आणि विष्ठा पडणार. एका झाडावर घरटेही एक नसते, चारसहा असतात. आमच्या विहारात दोन महिने बगळे आले तर आम्ही ठराव केला. तेही दूध भरणाऱ्या, पगार घेणाऱ्या, शिकलेल्या लोकांनी.

आणखी एक गोष्ट येथे समजून घेतली पाहिजे, कारण सगळ्या हकीकतीचे मर्म तिच्यात आहे. आसामात हरगिला सहसा अभयारण्यात घरटे करीत नाही. त्याला माणसांच्या वस्तीतली उंच, डेरेदार झाडे लागतात. तिथे वनरक्षकाची गस्त नाही आणि तारेचे कुंपणही नाही. वाघासाठी सरकार जंगल राखून ठेवू शकते, गावे उठवू शकते, आणि उठवतेही. विदर्भातील आपल्या आदिवासी आणि दलित बांधवांना त्याचा अनुभव आहे. पण लोकांच्या परसातला कदंब सरकार कसा राखणार? तो राखायचा तर त्या घराच्याच मनात आले पाहिजे. कायद्याने वन्य पक्ष्याचे घरटे किंवा अंडी मोडणे ही शिकारच मानली आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. पण कायदा रोज सकाळी अंगण झाडायला येत नाही.

अंगण कोण झाडते? हा प्रश्न श्रीमती बर्मन यांना सुचला म्हणूनच मला त्या मोठ्या वाटतात. झाडाचा मालक पुरुष. झाड विकायचे की ठेवायचे ते तो ठरवतो. पण त्या पक्ष्याची घाण रोज काढते त्या घरची बाई. राग तिचा, कष्ट तिचे, आणि निर्णयात तिला विचारतो कोण? म्हणून त्यांनी आपली पीएच.डी. बाजूला ठेवली, ती अखेर २०१९ साली पूर्ण झाली, आणि त्या बायकांना भेटू लागल्या. पक्ष्यांवरचे व्याख्यान ठेवले असते तर कोणी आले नसते. त्यांनी पाककृतींच्या स्पर्धा ठेवल्या. बायका पिठे म्हणजे आसामी गोडधोड घेऊन आल्या, गप्पा झाल्या, मग हळूच पक्ष्याचा विषय निघाला. मुलांसाठी खेळ आणि चित्रे, शाळांतून कार्यक्रम. ज्यांच्या आवारात घरटी आहेत अशा झाडमालकांना सभेत बोलावून गमोसा पांघरून त्यांचा सत्कार होऊ लागला. ज्या घराला काल घाणेरड्या पक्ष्याचे घर म्हणून हिणवत, त्या घराला चारचौघांत मान मिळू लागला. याचा परिणाम काय होतो हे आपल्या समाजाला सांगायला नको.

२०१४ सालापासून या बायकांचे संघटन हरगिला आर्मी या नावाने ओळखले जाते. त्यांचे काम पाहिले तर लष्करी असे काहीही नाही. घरट्यांवर लक्ष ठेवायचे. घरट्यांच्या झाडांखाली जाळी बांधायची, म्हणजे वादळवाऱ्यात पडलेले पिल्लू जमिनीवर आपटत नाही. जखमी पिल्लू मिळाले तर कळवायचे, ते गुवाहाटीच्या प्राणिसंग्रहालयात उपचाराला जाते आणि बरे झाले की पुन्हा सोडले जाते. नवी झाडे लावायची, कारण आज लावलेला कदंब घरट्याजोगा व्हायला वर्षे लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ मध्ये श्रीमती बर्मन यांना पुरस्कार दिला तेव्हा रोपांची संख्या ४५,००० आणि आर्मीतील बायकांची संख्या दहा हजारांवर सांगितली होती. नव्या झाडांची वाट न पाहता २०१७ मध्ये त्यांनी बांबूचे उंच मचाण उभारून पाहिले, आणि पुढे त्यावर हरगिलाची पिल्ले जन्मली देखील.

याला जोडून आले ते माग. आसामात घराघरांत विणकाम आहे. बायकांना माग आणि सूत मिळवून दिले, आणि गमोसा, मेखला-चादर यांवर हत्ती-मोराऐवजी हरगिलाची नक्षी येऊ लागली. विक्रीचे पैसे बाईच्या हाती. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, त्यामुळे हा भाग मी दोनदा वाचला. ज्या पक्ष्यापायी केवळ खर्च आणि त्रास होता तो पक्षी घरात चार पैसे आणू लागला, तेव्हा झाड तोडण्याचा हिशेबच बदलला. चारपाच रुपयांची मोलमजुरीची मदत वाटून हे झाले नसते. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून जोखणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना हे पटायला अवघड जाऊ नये.

आकडे बोलतात ते असे. या तीन गावांत मिळून आरंभी २८ घरटी होती, ती अडीचशेच्या वर गेली. हरगिलाची जगातील सर्वांत मोठी वीण-वसाहत आज याच गावांत आहे. आसाममधील एकूण पक्ष्यांची संख्या अठराशेच्या पुढे गेल्याचे २०२४ मध्ये सांगण्यात आले. २०२३ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघटनेने आपल्या यादीत या पक्ष्याला 'संकटग्रस्त' वर्गातून काढून त्याहून कमी धोक्याच्या वर्गात ठेवले. पुरस्कारांची यादी मोठी आहे, ती मी देत नाही.

आता एक गोष्ट मला खटकली ती लिहितो. या बायकांनी पक्ष्यासाठी डोहाळजेवणासारखा विधी सुरू केला. आसामात गर्भवती स्त्रीसाठी पंचामृताचा कार्यक्रम करतात, तोच हरगिलाच्या विणीच्या हंगामात गाणी म्हणत साजरा होतो. गावच्या नामघरात पक्ष्यासाठी प्रार्थनाही होते. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. अपशकुनी म्हणणाऱ्या श्रद्धेवर दुसऱ्या श्रद्धेचे औषध द्यावे काय, असा प्रश्न मला पडला. भागलपूरकडे तर आणखी मजा आहे. तेथे कोसी आणि गंगेच्या मधल्या दियारा भागात हाच पक्षी कदंब-पिंपळावर घरटी करतो आणि तेथील लोक त्याला गरुड म्हणतात, विष्णूचे वाहन. मंदार नेचर क्लबच्या कार्यकर्त्यांनी २००६-०७ च्या सुमारास तेथील घरटी शोधली, गावकऱ्यांना सोबत घेतले, आणि तेथेही संख्या अनेक पटींनी वाढली. म्हणजे पक्षी तोच, चोच तीच, खाणे तेच. एका प्रांतात तो अपशकुन, दुसऱ्यात देवाचे वाहन. पक्ष्याला यातले काहीही ठाऊक नाही. शुभ-अशुभ ही माणसाने चिकटवलेली लेबले आहेत याचा याहून चांगला पुरावा कोणता?

माझे मत असे की, ददराच्या बायकांनी पक्षी राखला तो विधीमुळे नव्हे. त्या घरटी मोजतात, पिल्लू किती दिवसांचे आहे ते ओळखतात, कोणते झाड पोकळ झाले ते सांगतात. हे ज्ञान आहे आणि ते टिकेल. डोहाळजेवण हे त्यांच्या गावचे एकत्र जमण्याचे निमित्त. तरी मी तेथे असतो तर उभा राहून विरोध केला असता काय? बहुधा नसता केला. ज्याच्या वहीत ४,८०० रुपयांची ती नोंद आहे त्याने कोणत्या तोंडाने करावा?

आपल्याला अधिक जवळचा वाटावा असा मुद्दा वेगळाच आहे. हरगिला घाणेरडा का ठरला? तो मेलेले खातो, कुजलेले खातो म्हणून. पण घाण त्याने केली नाही. गुवाहाटी शहराचा कचरा बोरागावच्या डेपोत वर्षानुवर्षे पडत राहिला, तोही दीपोर बील या तळ्याच्या शेजारी, ज्याला २००२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता आहे. तळी बुजली, मासे कमी झाले, म्हणून शेकडो हरगिला त्या डेपोवर उभे राहून पोट भरू लागले. ज्याने घाण केली तो स्वच्छ, आणि जो घाण संपवतो तो अपवित्र. ही रीत आपल्याला कोणी शिकवायला नको. माणसाची तुलना मी पक्ष्याशी करतो आहे असे कृपया कोणी समजू नये. मी तुलना करतो आहे ती लेबले लावणाऱ्यांच्या डोक्यातल्या विचाराची, आणि तो विचार दोन्हीकडे एकच आहे.

माझे आजोबा गावकीतले मेलेले ढोर ओढीत. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, ते ओढणे सोडा असे बजावले. तो निरोप आमच्या गावी पोचायला काही वर्षे लागली, पण पोचला आणि आजोबांनी दोर खाली ठेवला. त्यापायी त्यांनी बहिष्कार सोसला. ते सांगत, हाडकीच्या माळावर गिधाडे उतरत ती मोजता येत नसत. माझ्या मुलीने गिधाड फक्त चित्रात पाहिले आहे. कोणी म्हणतात, ढोरे माळावर टाकायची पद्धत गेली म्हणून गिधाडे गेली. ते खरे कारण नव्हे. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडे तर १९९२ नंतरच्या पंधरा वर्षांत हजारात एखादे उरावे इतकी घटली. गुरांसाठी त्या औषधावर २००६ साली बंदी आली तोवर माळ रिकामे झाले होते. गिधाड जाईपर्यंत कोणाला त्याची गरज कळली नाही, कारण तेही मेलेले खाणारे, अपवित्र. गावाने दोघांकडूनही काम करून घेतले आणि दोघांनाही वेशीबाहेर ठेवले. आजोबांनी दोर टाकला हे योग्यच केले. गिधाडाला मात्र सोडून देण्यासारखे दुसरे काम नव्हते.

येथे कोणी म्हणेल, आपण बौद्ध आहोत, पहिले शीलच प्राणिहिंसा न करण्याचे आहे, आपल्याला हे निराळे सांगायला नको. सिद्धार्थाने देवदत्ताच्या बाणाने जखमी झालेल्या हंसाला वाचवल्याची गोष्ट आपली मुले धम्मवर्गात दरवर्षी सादर करतात. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी स्तंभावर कोरून ठेवलेल्या पाचव्या लेखात कोणते पशुपक्षी मारू नयेत याची यादीच दिली आहे. हे सारे खरे. पण कंबोडियाकडे पाहा. तो बौद्ध देश. तरीही तेथील टोन्ले साप सरोवराच्या काठी प्रेक तोआल भागात हरगिलासारख्या मोठ्या पक्ष्यांची अंडी आणि पिल्ले झाडावरून काढून विकण्याचा धंदा चालत होता, कारण गरिबी होती. या शतकाच्या आरंभी तेथे जी युक्ती केली गेली ती अशी : अंडी काढण्यात जे तरबेज होते त्यांनाच पगार देऊन झाडांवरच्या मचाणांतून राखण करायला बसवले. झाडे त्यांच्याइतकी कोणाला माहीत होती? पक्षी वाढले. शील भिंतीवर लिहिलेले होतेच, ते पाळता येईल अशी पोटाची सोय मात्र कोणीतरी करावी लागली. आमच्या विहाराच्या भिंतीवरही ते लिहिलेले आहे, त्याच झाडासमोर. आणि आम्हाला तर पोटाचीही अडचण नव्हती, नुसती कपड्यांची होती.

ददराचे सगळे आलबेल आहे असे चित्र मी उभे करू इच्छीत नाही. २०१७ च्या जानेवारीत दीपोर बीलच्या परिसरात दोन डझनांहून अधिक हरगिला मरून पडलेले आढळले. विषबाधेचा संशय घेतला गेला. गावाने घरटे वाचवले, पण घरट्यातले पिल्लू जे खाते ते शहराच्या उकिरड्यावरून आणि उरल्यासुरल्या तळ्यांतून येते. तळी बुजवून इमारती बांधणारे ददराचे लोक नव्हेत. गावच्या बायकांनी मेखला विणून जे राखायचे ते शहराच्या नियोजनात एका रेघेने पुसले जाऊ शकते. शिवाय घरट्यांच्या झाडांची किंमत अजूनही एकेका घरालाच मोजावी लागते. सत्कार झाला, गमोसा मिळाला, पण मुलीच्या लग्नाला किंवा आजारपणाला पैसे लागले तर झाड विकायचे नाही, हे सांगायला मन कठोर करावे लागते. त्या कुटुंबांना दरवर्षी काही निश्चित रक्कम सरकारने द्यावी असे मला वाटते. जंगलासाठी कोट्यवधी रुपये खर्च होतात, मग परसातल्या जंगलासाठी का नाही?

हे सगळे मी आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवले. पक्ष्याचे चित्र मोबाइलवर दाखवताच दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला. एक भगिनी म्हणाली, "अगं बाई, किती वंगाळ दिसतंय." आजी शेवटी बसल्या होत्या. त्यांनी मोबाइल हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "पोरांचं करतंय ना पाच महिने? मग झालं तर."

त्यानंतर चर्चा भलतीकडेच गेली आणि ते बरे झाले. यंदा जूनच्या अखेरीस आमच्या छाटलेल्या शिरीषावर गायबगळे पुन्हा आले आहेत, उरलेल्या पूर्वेकडच्या फांद्यांवर. मी मोजली तेव्हा अकरा घरटी होती. ढोकरी अजून आलेल्या नाहीत. मंडळाचे म्हणणे असे पडले की झाडाला हात लावायचा नाही. मोटारसायकली मागच्या बाजूला लावायच्या, चपलांचे कपाट हलवायचे, आणि फाटकापासून दारापर्यंत वर्षावासापुरती ताडपत्री बांधायची. एका तरुण सभासदाने झाडाखाली जुन्या मच्छरदाण्या जोडून जाळी लावू असे सुचवले, ती ददराचीच कल्पना. समितीतील एका ज्येष्ठांचा अद्याप विरोध आहे. झाड धोकादायक झाले आहे, एखादी फांदी कोणाच्या डोक्यावर पडली तर जबाबदार कोण, असे ते म्हणतात. त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. म्हणून फांद्यांची पाहणी जाणकाराकडून करून घ्यावी, पण छाटणी करायचीच झाली तर ती पिल्ले उडून गेल्यावर, दिवाळीनंतर करावी, असा मसुदा मी तयार केला आहे.

राहिला झाडण्याचा प्रश्न. आजी एकट्याच किती झाडणार? आठवड्याच्या पाळ्या लावाव्यात असे ठरले तेव्हा यादीत आपोआप सगळी नावे बायकांचीच लिहिली गेली. आजींनी यादी वाचून दाखवायला सांगितली, ऐकून घेतली, आणि म्हणाल्या, "यात पुरुष कुठं हायेत?"

येत्या रविवारी समितीची बैठक आहे. विषयपत्रिकेवर चौथ्या क्रमांकाला झाडाचा विषय आहे, ताडपत्रीच्या खर्चाचा अंदाज २,२०० रुपये. पाळ्यांची नवी यादी सूचनाफलकावर लागली आहे. पहिल्या आठवड्यापुढे माझे नाव आहे.